डॉक्टरांची गाडी चढ चढेना

टेकडीच्या निम्म्या चढावर डॉक्टरांनी पाय दाबला तेवढा दाबला, तरी गाडी काही मनावर घेईना. इंजिन नुसतं घरघरत राहिलं. शेजारून एक बाई बाबागाडी ढकलत आल्या, गाडीकडे कणवेने बघितलं आणि पुढे निघून गेल्या. बाबागाडीतल्या बाळाने तर चक्क टाटा केला.

"आपल्याला ओव्हरटेक केलं त्यांनी," बायको म्हणाली.

"दिसलं मला," डॉक्टर म्हणाले.

डॉक्टर दातांचे होते आणि गाडी सासऱ्यांची होती. कार्बोरेटरवाली, सासऱ्यांच्या तरुणपणची, पण अजून आरशासारखी लखलखीत. डोळे अधू झाल्यावर त्यांनी ती पोटच्या मुलाला न देता जावयाला दिली. किल्ली हातात ठेवताना त्यांचा आवाज कापरा झाला होता. "हिला जपा, जावईबापू." मुलगी देताना ते एवढंही बोलले नव्हते.

आता त्यांचा फोन आला होता, की रविवारी येतोय, गाडीतून टेकडीवर जाऊन येऊ. लगेच घरात धांदल उडाली. बायकोने सीट पुसून काढल्या, काचा चमकवल्या, दवाखान्याच्या वेटिंग रूमचं कार्पेट उरलं होतं ते कापून गाडीत अंथरलं. आणि नेमक्या याच आठवड्यात गाडीने मान टाकली होती.

"बाबांना कळलं ना, की वर्षभरात आपण हिची ही दशा केली..." बायकोने वाक्य अर्धवटच सोडलं. उरलेलं डॉक्टरांना न ऐकताही ऐकू आलं.

मदतीला मेहुणा धावून आला. वडिलांनी गाडी आपल्याला दिली नाही याचा त्याला राग नव्हता. ती उघडून बघता येत नाही याचं मात्र दुःख होतं. "भावोजी, तुम्ही फक्त टॉर्च धरा," तो म्हणाला.

आधी एअर फिल्टर झटकला. फरक नाही. मग स्पार्क प्लग काढले. ते बघून डॉक्टर खुलले. प्रत्येक प्लग त्यांनी उजेडाकडे धरून दाढेसारखा तपासला. "कीड नाही, रंग उत्तम," त्यांनी निदान केलं, आणि प्लग होते तिथे परत बसवले. मग मेहुण्याने इंजिनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, थोडं पुढे घेतलं. गाडी चढावर खडखडायला लागली, म्हणून मागे घेतलं. ती हुंदके द्यायला लागली. शेवटी ते मूळ जागी आणताना मूळ जागा कोणती, यावर दोघांचा पाऊण तास वाद झाला.

"आता कार्बोरेटरच," मेहुणा म्हणाला. "आतल्या बारीक भोकांत कचरा बसला असणार."

बारीक भोकं म्हटल्यावर डॉक्टरांना राहवेना. कार्बोरेटर दवाखान्यात आला. पेशंट नसल्याची वेळ साधून त्यांनी रूट कॅनालच्या सुयांनी एकेक भोक असं साफ केलं, की कार्बोरेटरला जीभ असती तर त्याने आभार मानले असते. संध्याकाळी खुर्चीत बसलेल्या आजींनी पेट्रोलच्या वासाची हवा हुंगली. "डॉक्टर, हे भूल द्यायचं नवीन औषध का हो?"

"नाही आजी."

"मग मला आधीच गुंगी का येतेय?"

डॉक्टरांनी खिडक्या उघडल्या आणि आजींना दुसऱ्या दिवशीची वेळ दिली.

कार्बोरेटर परत बसवताना मेहुण्याने पेट्रोलची बाटली गाडीत पायापाशी ठेवली आणि स्वतःच लाथाडली. बायकोने काहीही न बोलता कार्पेट उपसलं, धुतलं आणि गच्चीवर वाळत टाकलं. तिचं ते न बोलणं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असावं.

आणि त्या संध्याकाळी गाडी टेकडी अशी चढली, की वरच्या वळणावर ब्रेक मारावा लागला!

"सुया!" डॉक्टर ओरडले.

"टायमिंग!" मेहुणा ओरडला.

दोघांनी एकमेकांना मिठी मारली. रविवारपर्यंत घरात सुख नांदलं.

रविवारी सासरे आले ते गप्पच. चहा गार करून घेतला, बिस्किटाला हात लावला नाही. गाडीभोवती एक फेरी मारली आणि गालावर हात ठेवून पुढच्या सीटवर बसले. बायको आणि मेहुणा मागे बसले. गाडीत वाळलेलं कार्पेट ताठ, फुगून, नव्यासारखं पसरलं होतं.

चढ लागला आणि गाडीने पुन्हा मान टाकली. दुसरा गिअर, मग पहिला. सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. गालावरचा हात काही खाली येईना. डॉक्टरांनी मनातल्या मनात निदान केलं. इंजिनच संपलं असणार, आता ते उघडावं लागणार, आणि हे सगळं त्यांच्या देखत!

"भावोजी, दाबा ना!" मागून मेहुणा कुजबुजला.

"दाबलाय! तळाला टेकलाय!"

"तळाला कशाच्या?" बायकोने विचारलं.

डॉक्टरांनी खाली बघितलं. पाय टेकला होता तो कार्पेटवर. जाडजूड, लोकरीचं, पेशंटच्या पायांना मऊ लागावं म्हणून घेतलेलं कार्पेट पेडलखाली उशीसारखं बसलं होतं. पेडल अर्ध्यावरच अडत होतं. इंजिन बिचारं मिळेल तेवढ्या पेट्रोलवर इमानाने चाललं होतं.

त्यांनी हँडब्रेक ओढला, वाकून कार्पेट खेचून काढलं आणि मागे बायकोच्या मांडीवर टाकलं. मग पाय दाबला. गाडी गुरगुरली आणि ताडताड वर निघाली. डॉक्टरांना मोठ्याने हसावंसं वाटत होतं. इंजिन शाबूत होतं, गाडी शाबूत होती, बहुधा संसारही शाबूत राहणार होता. सासरे मात्र अजून गप्पच.

वर पोचल्यावर सासऱ्यांनी त्यांना खुणेने बाजूला, कठड्यापाशी नेलं. डॉक्टरांनी घसा खाकरला. "बाबा, गाडीचं सांगायचं म्हणजे..."

"गाडीचं काय? गाडी छानच आहे," सासरे घाईने म्हणाले. "जावईबापू, माझी दाढ ठणकतेय. महिना झाला. त्यासाठीच आलो मी. पण पोरांसमोर कसं बोलू? मला तुमच्या त्या खुर्चीची फार भीती वाटते हो."

डॉक्टरांनी आता कुठे त्यांच्याकडे नीट बघितलं. आठवडाभर ज्या चेहऱ्याची धास्ती घेतली होती, तो चेहरा एका बाजूने चांगलाच सुजला होता, आणि ते दंतवैद्याला दिसलं नव्हतं.

"आ करा," ते म्हणाले.

सासऱ्यांनी उन्हाकडे तोंड करून आ केला. डॉक्टरांनी एकदाच डोकावून बघितलं. "खालची, डावीकडची, शेवटून दुसरी. काढायची गरज नाही. वाचेल."

सासऱ्यांचे खांदे एकदम सैल झाले. डॉक्टरांचेही.

"अहो," गाडीपासून बायकोने काळजीने हाक मारली, "बाबा काय म्हणतायत गाडीबद्दल?"

"आऽऽ," सासरे म्हणाले.

"खूश आहेत!" डॉक्टर ओरडले, आणि आणखी नीट दिसावं म्हणून त्यांनी सासऱ्यांची हनुवटी अलगद वर उचलली.