एकाच केळीचे हजार अर्ज

बँकेतून निवृत्त झालेल्या यज्ञेश्वररावांनी नानाखेड्यापलीकडच्या आपल्या प्लॉटवर केळीची हजार रोपं लावली आणि पाण्याच्या मोटरीला वीजजोडणी मिळावी म्हणून रीतसर अर्ज केला. याहून निरुपद्रवी कृत्य उज्जैनमध्ये आजवर कोणी केलं नसेल.

रोपं त्यांच्या पुतणीच्या, भार्गवीच्या प्रयोगशाळेतली. तिने एका उत्तम केळीच्या कोंबाचे बारीक तुकडे केले, ते काचेच्या बाटल्यांत वाढवले आणि एकेका तुकड्याचं रोप केलं. सगळी एका उंचीची, एका चेहऱ्याची. वैशाख तापलेला; पाणी लवकर मिळालं नाही तर सगळी एकदमच माना टाकणार, हेही उघड होतं.

फ्रीगंजातल्या रोप-सिंचन कक्षाचा नियम असा की प्रत्येक रोपाचा वेगळा अर्ज हवा, फोटोसकट. यज्ञेश्वररावांनी हजार अर्ज, हजार फोटो दिले. तिथल्या दुर्गा मॅडम घरी मराठी, खुर्चीत हिंदी. त्यांनी फोटो संगणकात घातले. पडदा लाल झाला.

"काकासाहब, पौधा एक और अर्जियाँ हजार? ये तो फर्जीवाड़ा है."

"अहो, एकाच केळीची आहेत सगळी. सारखीच दिसणार."

"तो लिखके दे दीजिए."

भार्गवीने शास्त्रशुद्ध लिहून दिलं : ही सर्व रोपं म्हणजे मुळात एकच केळ. लगेच आदेश निघाला. लाभार्थी रोप एक. एका रोपास मोटरजोडणी देय नाही. सबब एक तांब्या मंजूर. तांब्या गळका होता, पण त्यावर योजनेचं नाव सुबक उमटलं होतं.

दुसऱ्याच दिवशी शेजारची बकरी एक रोप खाऊन गेली. यज्ञेश्वरराव पडले सरळमार्गी. ते कळवून आले. मॅडमनी फाइलवर शिक्का मारला : 'लाभार्थी मृत'.

"पण बाकीची हिरवीगार उभी आहेत हो."

"बाकी कौनसी? वही एक तो था. मरने के बाद खड़े रहना नियम में नहीं बैठता." मग मॅडम खुर्चीतून उठल्या आणि हळूच म्हणाल्या, "वाईट झालं हो काका. लहानच होतं."

घरी हे ऐकून त्यांच्या पत्नीने, मीनाकाकूंनी पदर खोचला. "सारखेपणाच खुपतोय ना त्यांना? थांबा, नटवते एकेकाला."

कॉलनीभरातून टोप्या, गॉगल, फेटे, मफलर, लग्नातल्या मुंडावळ्या गोळा झाल्या. एका रोपाला काकूंनी नवऱ्याचा बँकेतला टाय बांधला. तेव्हापासून ते रोप बाकीच्यांशी बोलेनासं झालं. नवे फोटो गेले आणि संगणक हिरवा झाला : सर्व अर्जदार जिवंत, स्वतंत्र व्यक्तिमत्त्वाचे.

"बस, अब मालिक का फोटो," मॅडम म्हणाल्या.

यज्ञेश्वररावांनी केस सारखे केले. फोटो निघाला. पडदा लालभडक.

"ये आदमी तो पहले से दर्ज है."

चौकशी झाली. तोच अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला तेच पेन, पहाटे उठून मोबाइलवर तोच सुविचार पुढे ढकलणारा तोच अंगठा, 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे तेच वाक्य. कॉलनीतल्या घराघरातून हाच इसम निघाला.

शेवटी जोडणी रोपांच्याच नावे झाली. मोटर सुरू झाली, केळी तरारल्या. मालकाने मात्र आपण आपणच असल्याचा पुरावा आणावा, असं ठरलं. तो पुरावा घेणाऱ्या खिडकीची रांग आता देवास गेटपर्यंत गेली आहे. यज्ञेश्वरराव रोज मान वळवून तुम्हाला शोधतात. तुम्ही रांगेत आहात, याबद्दल त्यांना शंका नाही; त्यातले तुम्ही कोणते, एवढंच काही ओळखू येत नाही.