खांबाचा गुडघा

तेजूनं पैज लावली, मी येड्यासारखी हो म्हणले, आणि आमच्या जिल्ह्याच्या मुलींच्या खो-खो संघात मैदानातल्या लाकडी खांबाची निवड झाली.

गेल्या साली दोन पोरींचं गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. म्हणून यंदा सगळ्यांच्या गुडघ्याला सेन्सरचा पट्टा आला. पळताना गुडघा आत दुमडतो का, वळताना पिळतो का, ते पट्टा बघतो आणि लिगामेंट तुटायचा धोका किती टक्के ते फिजिओ मॅडमच्या मोबाईलवर पाठवतो. तेजू म्हणली, "दम असंल तर एक पट्टा खांबाला बांधून दाखव." मी बांधला. त्यात काय एवढं?

दुसऱ्या दिवशी, कमी धोका तो वर, अशी संघाची यादी लागली. पहिला नंबर खांब. धोका शून्य टक्के.

मी फिदीफिदी हसायला लागले. बघते तर बाकी कोणीच हसंना. आमचे कोच बंडगर सर खांबाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "याला म्हणतात गुडघा! शिका जरा."

"सर, तो खांब हाय."

"मग? रोज सगळ्यांच्या आधी मैदानात असतो. तू किती वाजता उगवतीस?"

म्हणलं, सरावात तरी उघडं पडंल. सरावात त्याला पळणाऱ्यांच्यात उतरवलं. आता आपल्या खेळात खांबाला शिवलं म्हणून कोणी बाद होतं का? पाठलागवाल्या पोरी दर फेरीला त्याला हात लावून वळत होत्या, सर शिट्टी कशाला वाजवतील? पाळी संपली, खांब नाबाद. मॅडमनी मोबाईल बघून वहीत लिहिलं, 'दमही लागला नाही.'

मग त्याला ट्रॅकसूट आला. अंडी खाईना, तर सरांनी शाकाहारी म्हणून नोंद केली आणि केळी चालू केली.

पण यादी बाराचीच असते. खांब वर आला तशी खालची रेश्मा घोडके बाहेर पडली. अठरा वर्षांखालच्या गटात तिचं हे शेवटचं साल. आता नाही तर कधीच नाही. रडंल, भांडंल असं वाटलं. तिनं जाऊन खांबाचं अभिनंदन केलं.

"अगं, तू पण?" मी ओरडले.

"माझा धोका चौदा टक्के निघाला, त्याचा शून्य. त्याची काय चूक?" असं म्हणून ती नळावर गेली. लई वेळ तोंडच धूत बसली.

तेजू माझ्या कानात म्हणली, "तोंड उघडलंस ना, तर घरी बसशील." चार दिवस जेवण गोड लागंना.

स्पर्धेला निघायच्या सकाळी गाडी आली. खांब उपटून आणला, त्याला खिडकीची जागा दिली, त्याला उलटी होते म्हणे. रेश्मा सोडायला आलेली, सगळ्यांच्या बॅगा वर चढवून देत होती. माझी पण दिली. मग मला राहवलंच नाही.

"सर, खांबाला पट्टा मी बांधला. पैजेवर. त्याला गुडघाच नाही!"

सरांनी मॅडमकडं बघितलं. मॅडम विचार करून म्हणाल्या, "गुडघाच नाही, मग तर तुटायचा प्रश्नच मिटला."

"ते ठीक," सर मला म्हणाले, "पण पट्टा बांधायचं काम मॅडमचं. तू हात का लावलास? पैज कुणी लावली?"

तेजूनं मान खाली घातली. मी म्हणले, "पैजेला हो मी म्हणले ना, सर. मीच केलं."

सरांनी पेन काढलं, माझं नाव खोडलं आणि तिथंच रेश्माचं लिहिलं.

"आणि खांब?" मी विचारलं.

"त्यानं काय बेशिस्त केली?"

मी बॅग घेऊन खाली उतरले. रेश्मा वर चढली, खांबाला जरा आत सरक म्हणली आणि त्याच्या शेजारी बसली.