नळीतला घोळका कोणी मोडला?

या इमारतीत गुन्हा घडला आणि आपल्याला त्याचा वास आला नाही, असं आजवर झालेलं नाही, हे मामा छाती पुढे काढून सांगत. इमारतीत आजवर गुन्हाच घडला नव्हता, ही गोष्ट वेगळी. पोटापाण्यासाठी ते इथल्या संशोधन संस्थेची उपकरणं दुरुस्त करत. पण ते नुसतं वेशांतर, असं त्यांचं म्हणणं. त्यांची खोली रंगवायला काढल्यामुळे गेल्या आठवड्यापासून त्यांचं टेबल भाचीच्या प्रयोगशाळेत आलं होतं. भाची बिचारी निमूट सोसत होती.

आज मात्र तिला रडूच फुटलं. "मामा, माझे जिवाणू एकमेकांना धरतच नाहीयेत!"

"धरायचे असतात?"

"त्यांच्या अंगावर प्रथिनं असतात. एकाची दुसऱ्यात अडकतात, घोळका होतो, जड होऊन तळाशी बसतो, वरचा द्रव नितळ होतो. ज्यांचं ते प्रथिन मी काढून टाकलंय, ते सुटे राहतात, द्रव गढूळ. पण आठवडाभर दोन्ही नळ्या गढूळच! संध्याकाळी माझ्या गाईड मॅडम येणार. आज जमलं नाही तर संशोधनाचा विषयच बदल म्हणाल्यात. सगळी मेहनत मातीत!"

मामांनी डोळे मिटले. "कुणीतरी त्यांचे कान भरले."

"जिवाणूंना कान नसतात, मामा."

"म्हणजे गुन्हेगार मुका आहे."

पहिला संशय शेजारच्या टेबलावरच्या संशोधकावर गेला, कारण त्याचा एक गाल हसत होता. त्याची दाढ सुजली होती. मग फ्रीज. "मधूनच थरथरतो. मनात पाप असल्याशिवाय कोण थरथरेल?" फ्रीज पलीकडच्या खोलीत होता. शेवटी प्रथिन काढलेले जिवाणू. "अंगावरचं ओरबाडून घेतलं तर कोण गप्प बसेल? सूड!"

"ते वेगळ्या नळीत आहेत हो!"

"पाहिलंस? आधीच लांब जाऊन बसलेत." मग त्यांनी बाह्या सरसावल्या. "नळ्या नव्याने भर. मी जातीने पहारा देतो."

भाचीने नळ्या भरल्या आणि ती वाचनालयात जाऊन बसली.

संध्याकाळी मॅडमना घेऊन ती आली आणि दारातच थबकली. मामा नळी कानाशी धरून खळखळ हलवत होते.

"हे काय चाललंय?" मॅडमनी विचारलं.

"आत काही सुटलंय का, ऐकतोय. कुठलीही वस्तू आधी कानाशी हलवून बघायची, आमच्या धंद्यातली पहिली शिकवण."

"असं कितीदा करता?"

"इथे आल्यापासून रोज, जाता-येता! एकदाही चुकवलं नाही."

भाचीने कपाळावर हात मारला. मॅडम म्हणाल्या, "अहो, हलवून हलवून जिवाणूंनी धरलेले हात तुम्हीच सोडवताय. ठेवा ती नळी."

मामांचा चेहरा एवढासा झाला. "पोरी, तुझं वाटोळं मीच..." त्यांनी नळी अलगद जागेवर ठेवली. भाचीला भयंकर राग आला होता, पण तो चेहरा बघून ती विरघळली. "बसा इथे. आणि हात खिशात."

तिघं नळ्यांकडे टक लावून बसली. बऱ्याच वेळाने एका नळीत बारीक कण दिसू लागले, त्यांचे पांढरट पुंजके झाले आणि हळूहळू खाली उतरले. वरचा द्रव लख्ख नितळ झाला. शेजारची, प्रथिन काढलेल्यांची नळी तशीच गढूळ राहिली.

"विषय बदलायचं काही कारण नाही," मॅडम म्हणाल्या. भाचीने मामांना मिठीच मारली.

मामांचे हात अजून खिशातच होते, पण मान ताठ झाली. "चला, गुन्हेगार रंगेहाथ सापडला."

"मामा, गुन्हेगार तुम्हीच होता!"

"म्हणून तर वेळ लागला," मामा म्हणाले. "गडी माझ्या तोडीचा होता."