मेस्त्रींची पायरी

गोपाळ मेस्त्री माणसाचं तोंड कधी बघत नसत, गुडघे बघत. पोलादपुरात कोण कोणाची सून, हे त्यांना सांगता येत नसे. पण "ती डाव्या पायानं चढणारी" म्हटलं की लगेच ओळख पटे.

जन्मभर बैलगाड्या केलेला माणूस. महाडच्या शेठनी मुंबईहून मोटारीचा नुसता सांगाडा आणला, तेव्हा वरचं लाकडी घर मेस्त्रींनीच बांधलं. आता मोटारी मुंबईहून तयार होऊनच येतात, कोणाचे गुडघे कोणी विचारत नाही. मी तेव्हा शेठच्या त्या मोटारीवर तिकिटं फाडायला होतो. मराठी चौथीतून शाळा सुटलेली, घर राहिलं तिकडे नगरला, इथे ओळख ना पाळख. मेस्त्रींनी आपल्या पडवीत पथारी टाकू दिली. ते उपकार आहेत म्हणूनच पुढचं लिहायला हात जड होतो.

मोटार सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी एक म्हातारी आत चढता येईना म्हणून थांब्यावरून परत गेली. मेस्त्रींनी ते पाहिलं आणि त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. दुसऱ्या दिवसापासून ते सुतळी घेऊन बायांपुढे उकिडवे बसू लागले.

"पाय उचल गो बाय, किती वर जातो बगू."

"मेल्या, मोटार बांधतोस का सोयरीक जुळवतोस रे?"

सगळा थांबा हसे. मेस्त्री शांतपणे सुतळीला गाठ मारत. "बैलगाडीचं जू वर उचललं का मागची बाजू खाली येते. म्हातारी नुसती टेकली तरी आत. ही मोटार कोनासाठी वाकत नाय."

शेठ म्हणाले, "तुम्ही लाकूड बघा मेस्त्री, गुडघे वैद्य बघेल."

मी म्हटलं, मधलं माप धरा. मेस्त्री चिडले. "मधल्या मापानं अर्ध्या बाया खालीच र्‍हातात!" त्यांनी सगळ्यांत दुखऱ्या गुडघ्याची गाठ धरली आणि अगदी जमिनीलगत पायरी केली. ती पहिल्याच फेरीत ओढ्यातल्या दगडावर आपटून मोडली.

"अरे, ओढ्याचं माप घ्यायचं र्‍हायलंच की!" मेस्त्री कपाळावर हात मारून म्हणाले.

मग बिजागऱ्यांची पायरी आली. थांब्यावर दोरीनं खाली सोडायची, निघताना वर ओढायची. महिनाभर म्हाताऱ्या लेकींकडे जाऊन आल्या. परत गेलेली ती म्हातारीही एकदा बसली. पण दर थांब्याला मी उतरायचं, दोरी सोडायची, गुंडाळायची. तेवढ्यात दुसऱ्याची मोटार पुढे जाऊन उतारू उचले.

शेठनी मला एकट्याला गाठलं. "उद्यानंतर पायरी दिसली तर तू दिसणार नाहीस."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, मेस्त्री लाकूड बघायला गेलेत असं समजून, मी पाना घेऊन मोटारीखाली शिरलो. गंजलेला नट फिरेना. मी पहार लावली.

"तशी नको. फळी फाटंल."

मेस्त्री मागेच उभे होते.

"शेठ बोलला?"

मी मान हलवली.

"मंग काढ," ते म्हणाले. "तुझं घर लांब हाय."

त्यांनी नटावर तेल सोडलं, पाना कसा धरायचा ते दाखवलं. मी पिळत राहिलो. शेवटचा नट सुटायला आला तेव्हा ते वाकून आत आले आणि, माझ्या पायावर पडू नये म्हणून, पायरी खालून दोन्ही हातांनी धरून राहिले.