मेहुण्याचे उद्योग

माझा स्वभाव संशयी नाही. (दुधात पाणी आहे का ते मी फक्त दोनदा बघतो, एकदा खिडकीपाशी आणि एकदा दिव्याखाली.) तर आमच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली, तेव्हा नवी घेण्याऐवजी मी सगळा कारभार एका पेनड्राइव्हवर चढवला. कॉम्प्युटर चालू व्हायचा तो त्याच्यावरून, आणि ही लिहीत होती ते विणकामाचं पुस्तकही त्याच्यावरच. अंगठ्याएवढ्या वस्तूवर घर चालवतो म्हणून मी ऑफिसात आठवडाभर मिरवून घेतलं.

त्या पेनड्राइव्हला एक निळा दिवा होता. एकदा चहा घेताना पाहिलं, तर कॉम्प्युटरपाशी कोणी नाही आणि दिवा आपला लुकलुकतोय. घरात माणसं तीन. मी इथे, ही समोर सुया घेऊन बसलेली, आणि तिसरा म्हणजे नोकरी मिळेपर्यंत आमच्याकडे राहायला आलेला मेहुणा.

"काय रे, कॉम्प्युटरला हात लावला होतास?"

"नाही, भावोजी."

"मग दिवा का लुकलुकतोय?"

"आतल्या आत काहीतरी लिहीत असेल."

"कोण?"

"कॉम्प्युटर."

इतकं सरळ उत्तर सरळ माणूस देत नाही. मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याकडून एक प्रोग्रॅम आणला. कोणी हात लावला की नाही, याची तो दर सेकंदाला नोंद करायचा. फाइलला मी नाव दिलं 'मेहुण्याचे उद्योग'. संध्याकाळी उघडून पाहिलं, तर मी आणि ही कॉम्प्युटरपाशी बसलो होतो तेवढं सोडून पानंच्या पानं एकच ओळ: 'कोणीही हात लावला नाही.' आणि दिवा तर आता थांबायचं नावच घेईना. म्हणजे पठ्ठ्या नोंदी बदलत होता. मग मी प्रत्येक नोंदीच्या आणखी दोन प्रती निघतील अशी सोय केली. बघू म्हटलं, किती ठिकाणी बदलतो ते.

पुस्तक शनिवारी छापायला जायचं होतं. शुक्रवारी सकाळी हिने कॉम्प्युटर लावला आणि मला हाक मारली.

"अहो, काल टाइप केलेला शेवटचा नमुना नाही इथे. बाहीचा."

"कागदावर असेल ना?"

"टाइप झाल्यावर टाकून दिला."

दोन वर्षं खपून केलेलं पुस्तक एका बाहीपाशी अडलं. हिचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

"विचार तुझ्या भावाला," मी म्हणालो.

मेहुण्याने आपला लॅपटॉप आणला. (त्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप होता, मग तो आमच्या डबड्याला कशाला हात लावेल, हे मला तोवर सुचलं नव्हतं.) पेनड्राइव्ह त्याला लावून तो म्हणाला, "ताई, बाकी पुस्तक आहे, उतरवून घेतो. पेनड्राइव्ह झिजलाय. आता नुसता वाचता येतो, त्याच्यावर लिहिता येत नाही."

"झिजायला ती काय चप्पल आहे?" मी.

"एकाच जागी खोडून खोडून लिहिलं की कागद झिजतो ना, भावोजी, तसंच."

तेवढ्यात हिला आठवलं, त्या नमुन्याचा स्वेटर कपाटात आहे. मापाला माणूस हवा म्हणून तो माझ्या अंगात चढला. जाड लोकरीचा. मला पंख्याखाली हात पुढे करून उभं केलं. ही टाके मोजून सांगायला लागली आणि मेहुणा लॅपटॉपवर लिहून घ्यायला लागला. निम्म्या बाहीवर तो थांबला.

"पण एवढं लिहीत कोण होतं, बघू तरी."

"राहू दे रे," मी म्हणालो. पण त्याने फाइल उघडलीच.

"भावोजी, कोणी काही केलं नाही, हे तुम्ही दर सेकंदाला लिहून ठेवत होतात? तेही तीन-तीनदा?"

ही मान वाकडी करून फाइलचं नाव वाचायला लागली.

"पूस आधी ते," मी म्हणालो.

"पुसता येत नाही, भावोजी. आता ते तसंच राहणार."

मी हात खाली घ्यायला गेलो. "हलू नका," ही शांतपणे म्हणाली. मग भावाला पंखा बंद करायला सांगून तिने पुन्हा पहिल्या टाक्यापासून मोजायला घेतलं.