एक मागणी, तीन ब्राउझर

शनिवारी सकाळी दार वाजलं तेव्हा अटो ताफेसे अर्ध्या गालाला साबण फासून आरशासमोर उभे होते. लेकीला मागणी घालायला आज तीन वडीलधारी माणसं यायची होती, पण ती चार वाजता. आत्ता कुठे एक वाजत होता. आदिस अबाबात दिवस सूर्याबरोबर सुरू होतो; सूर्य वर येऊन तास झाला की एक. परदेशी घड्याळं त्याच वेळेला सात म्हणतात, ते त्यांचं त्यांना लखलाभ.

"दूधवाला असेल. बघ गं," ते बायकोला म्हणाले.

वर्कनेशने दार उघडलं आणि डोक्यावरचा पदर घाईघाईने सारखा केला. दारात अब्बा मलाकू उभे होते. पांढरी पगडी, हातात क्रूस, चेहऱ्यावर धर्मगुरूला शोभेलशी शांती.

"या घराला शांती असो. बाकीचे दोघं आले का?"

"कुठले दोघं?" साबणातून अटो ताफेसे म्हणाले.

"बिरूकसाठी तुमची मकलीत मागायला आलोय आम्ही. म्हणजे, मी आलोय."

स्वयंपाकघराच्या दाराआड मकलीतच्या हातातलं कॉफीच्या बिया पाखडायचं सूप थांबलं. मागणीच्या दिवशी मुलीने समोर यायचं नसतं, आणि आज तिला ते फारच बरं वाटलं. कारण हे काय झालंय ते या घरात फक्त तिला कळलं होतं, आणि त्यात दोष तिचाच होता.

मकलीत आणि तिच्या दोन मैत्रिणींनी मिळून एक एक्स्टेन्शन बनवलं होतं, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायची एक छोटीशी पुरवणी. नाव 'त्सहाय', सूर्य. वेबपानावर परदेशी वेळ दिसली की ही पुरवणी ती गुपचूप आपल्याकडची करून दाखवायची. अटो ताफेसेंना या धंद्याचं कधी कौतुक वाटलं नाही. "खिडकी दुसऱ्याची, काच दुसऱ्याची, बाहेरचा देखावाही दुसऱ्याचा. तू काय करतेस? तर त्याला ठिगळ लावतेस," असं ते म्हणत.

बिरूकला मात्र कौतुक होतं, नको तितकं होतं. मागणीची वेळ त्याने तोंडी सांगितली नाही. ऑफिसात बैठका ठरवतात तशी ती ऑनलाइन कॅलेंडरवर टाकली, तीही परदेशी पद्धतीने, दहा वाजता. "तुझी त्सहाय आहे ना? ती चार दाखवेल," असं म्हणून त्याने तिघांच्याही संगणकावर ती स्वतः जाऊन बसवली. प्रेमात माणूस असली चाचणी न घेता पुढे जातो.

आता ब्राउझर म्हणजे काय, तर सासर. एका घरात सगळ्यांना आवडलेली आमटी दुसऱ्या घरात नेली की कुणी म्हणतं तिखट, कुणी म्हणतं आमच्यात हे चालत नाही, आणि तिसऱ्या घरात तर भांडं उंबऱ्याबाहेरच ठेवायला सांगतात. एका ब्राउझरसाठी लिहिलेलं दुसऱ्यात जसंच्या तसं चालेल असं म्हणणारा माणूस अजून सासरी गेलेला नाही, असं मकलीत नेहमी म्हणायची. स्वतः जायची वेळ आली तेव्हा विसरली.

अब्बा मलाकूंच्या पुतण्याने त्यांना एक भलताच गुप्तताप्रिय ब्राउझर बसवून दिला होता. लोकांची पापं ऐकणाऱ्याला तो साजेसाच. आपण कुठे राहतो हे तो कुणालाही सांगत नसे. कुणी विचारलंच तर सरळ लंडनचं घड्याळ पुढे करायचा. आदिसच्या दहाला लंडनला सात. त्सहायने ते सात घेतले आणि इमानेइतबारे त्यांचा एक करून दाखवला.

बाहेर अटो ताफेसेंनी उरलेला साबण पुसला. एक गाल गुळगुळीत, एक काटेरी.

"बसा, अब्बा. कॉफी घ्या."

"उत्तर मिळेपर्यंत बसायचं नाही, घ्यायचंही नाही. रीत आहे."

"रीत मलाही ठाऊक आहे. माझी मुलगी काय बाजारातली कोंबडी आहे, की एकाने यावं आणि पाय बांधून न्यावी? आज नाही."

"बरं," अब्बा म्हणाले. नकाराचं त्यांना काही वाटलं नाही. पहिल्या खेपेला नकार हा मिळायचाच. "चर्चमध्ये एका बाळाचा बाप्तिस्मा आहे. तो उरकायला जातो."

वर्कनेशने केलेली कॉफी शेवटी अटो ताफेसेंनाच प्यावी लागली.

मकलीतला काळजी लागली होती ती नकाराची नव्हे. वडिलांनी आठवडाभर आधीच बजावलं होतं, "माझ्या सासऱ्याने मला तिष्ठत ठेवलं. तीनदा दार वाजलं, तेव्हा हो म्हणाला. माझ्या दारावरही तीनदा वाजलं पाहिजे. दोनदा परत, तिसऱ्यांदा बघू." पण सोमवारपासून ईस्टरआधीचा पंचावन्न दिवसांचा मोठा उपवास सुरू होत होता, आणि उपवासात या घरात सोयरिकीची गोष्ट निघत नसे. उपवास संपायच्या आत बिरूक नोकरीसाठी नैरोबीला निघणार होता, तोही दोन वर्षांसाठी. आज वडील विरघळले तरच काही आशा होती. आणि विरघळायचं सोडून ते अर्धी दाढी घेऊन तापले होते.

तिने इंजेराच्या, म्हणजे आंबवलेल्या भाकरीच्या, तव्याच्या झाकणावर लॅपटॉप ठेवला आणि दुरुस्तीला बसली. लंडनचा घोळ निस्तरला तर दुसऱ्या ब्राउझरमध्ये वेळ दिसेनाशीच झाली. तिथली वेळ परत आणली तर तिसऱ्याने नवीच परवानगी मागितली. आणि सगळं जमलं असतं तरी काय? नवी आवृत्ती तपासून मंजूर करायला प्रत्येक ब्राउझरवाले आपापल्या सवडीने बसत. तेवढ्यात उपवास येऊन गेला असता.

"बिया जळतायत," आई म्हणाली.

"इमाये, माझं नशीब जळतंय."

"ते नंतर बघू. आधी बिया हलव."

चार वाजता दार वाजलं. बिरूकचे मामा, गाशे देम्से. मेर्काटोच्या बाजारात टायरचं दुकान आणि आवाज टायर फुटल्यासारखा. त्यांच्या ब्राउझरमध्ये त्सहाय शहाण्यासारखी वागली होती.

"आलो की नाही ठोक्याला! बाकीचे कुठायत?"

"एक पहाटे येऊन गेले," अटो ताफेसे म्हणाले. आता दोन्ही गाल गुळगुळीत होते आणि नजर जास्त धारदार.

"पहाटे? अब्बांना झोप येत नाही हल्ली. आणि नेगाश?"

"तुमची माणसं, तुम्ही मोजा. ज्यांना तीन जण एका वेळी एका दाराशी उभे करता येत नाहीत, ते माझ्या मुलीचा संसार काय उभा करणार? नाही."

"अहो, निदान..."

"नाही म्हणालो ना गाशे!"

मामा तणतणत गेले. दुसरी कॉफीही अटो ताफेसेंनी प्यायली.

मकलीतने बिरूकला निरोप धाडला. 'नेगाशकाकांनी वेळ कशावर पाहिली?' उत्तर आलं, 'त्यांच्या घरच्या संगणकावर त्सहाय बसवलीय.' मग जरा वेळाने आलं, 'पण त्यांनी फोनवर पाहिली म्हणे.'

फोनवरचा तो ब्राउझर म्हणजे भांडं उंबऱ्याबाहेर ठेवणारं घर. पुरवणी तो आत घेतच नसे. दहा लिहिले तर दहाच दाखवणार. आणि नेगाशकाकांचे दहा म्हणजे दुपार कलल्यावरचे.

'फोन कर त्यांना!'

'उचलत नाहीत. फोन करण्यासाठी असतो, उचलण्यासाठी नाही असं त्यांचं मत आहे. मी शोधायला निघालोय.'

दहा वाजले. दार वाजलं.

अटो नेगाशनी आयुष्यभर लांब पल्ल्याच्या बसगाड्या हाकल्या होत्या आणि एकही कधी उशिरा पोचवली नव्हती. टोपी काढून ते ताठ उभे राहिले.

"दहा म्हणजे दहा. मीच पहिला वाटतं?"

अटो ताफेसे खुर्चीतून उठले. चेहरा लालबुंद. "आज या दारावर काय चाललंय..." त्यांनी सुरुवात केली, आणि पुढे काय येणार हे मकलीतला दाराआडूनही दिसलं. तिने डोळे मिटले.

"एक मिनिट," कोपऱ्यातल्या ठेंगण्या स्टुलावरून वर्कनेश म्हणाली. ती तिसऱ्यांदा कॉफी ओतत होती. "तुमच्या दारावर किती वेळा वाजलं पाहिजे म्हणाला होतात?"

"तीनदा."

"आणि किती वेळा वाजलं?"

अटो ताफेसे बोटांवर मोजू लागले.

"दोनदा परत पाठवलंत. माझ्या बाबांनी तरी दोन खेपांमध्ये महिना घालवला, तुम्ही दुपार घालवलीत. पहिली कॉफी तुम्ही प्यायलात, दुसरी तुम्ही प्यायलात. तिसरी बरका, आशीर्वादाची. ती नकार देऊन प्यायची असते का?"

अटो ताफेसे परत खुर्चीत बसले आणि नेगाशांकडे बघत राहिले. तिघंही आपापल्या खिडकीत पाहून वेळेवर आले होते. उशीर कुणालाच झाला नव्हता.

"पोरगा लबाड आहे," ते अखेर म्हणाले. आवाजात राग शोधावा लागत होता. "एका दिवसात तीन खेपा! मला हे त्या वेळी सुचायला हवं होतं. बसा, अटो नेगाश. नेऊ दे त्याला आमची लेक. मकलीत, ये बाहेर."

मकलीत आली. चुलीजवळचा लॅपटॉप तसाच उघडा होता.

"अबाये, ती त्याची लबाडी नव्हती. माझी चूक आहे. तीन ब्राउझरमध्ये तीन वेळा दिसल्या. मी दुरुस्त करतेय."

"म्हणजे तुझ्या ठिगळाने हे केलं?"

"हो."

"हं," म्हणून त्यांनी कप उचलला आणि हसू कपाआड लपवलं.

तेवढ्यात दार वाजलं. घामाघूम झालेला बिरूक, एका हातात फोन, दुसऱ्या हाताने छाती धरलेली. मागणीच्या दिवशी ज्याने या गल्लीतही फिरकायचं नसतं तो.

"नेगाशकाका आले तर त्यांना आत घेऊ नका, सगळा घोटाळा..." एवढं बोलून त्याने पाहिलं की नेगाशकाका बसलेत आणि त्यांच्या हातात कप आहे.

अटो ताफेसेंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि लेकीकडे वळले.

"हा कुठल्या ब्राउझरातून आला?"

वर्कनेशने निखाऱ्यांवरची सुरई हलवून पाहिली, आणखी एक कप मांडला आणि म्हणाली, "कुठूनही आला असो. ये बाळा, बस. बरका अजून गरम आहे."