चौकशीबाईचा उठाव

"हलू नकोस वहिनी, तुझा जबडा नाहीसा करायचाय," नणंद म्हणाली आणि तिनं चौकशीबाईच्या कानाखालून हनुवटीपर्यंत गडद तपकिरी पट्टा ओढला.

सोमवारची सकाळ होती. नणंदेनं नुकताच मेकअपचा पंधरा दिवसांचा कोर्स केला होता आणि सरावासाठी ती नात्यातले चेहरे शोधत फिरत होती. एरवी चौकशीबाईनं तिला चहा पाजून वाटेला लावलं असतं, पण आज गरज तिची स्वतःची होती. चौदा वर्षं ती ऑफिसच्या चौकशीच्या खिडकीमागे बसत होती, इतकी की तिचं खरं नाव आता कुणाच्या लक्षातही नव्हतं. दीड महिन्यापूर्वी नवे साहेब आले आणि त्यांनी खिडकी काढून तिथे काचेचं स्वागत-टेबल करायचं ठरवलं. "समोर बसणारा चेहरा प्रसन्न पाहिजे. सोमवारी दहा वाजता मी स्वतः बघून ठरवतो," असं त्यांनी जाहीर केलं होतं. चेहरा पसंत पडला नाही, तर तळघरातली रेकॉर्ड रूम. तिथे उजेड नव्हता, बोलायला माणूस नव्हतं आणि पंखा होता तो फिरत नव्हता.

"तुझा चेहरा चौकोनी. डोळे खोल. नाक... असू दे." नणंदेनं कोर्सच्या वहीतला तक्ता समोर धरला. "सोपं असतं गं. जे नको ते गडद करायचं, म्हणजे ते मागे जातं. जे हवं ते उजळ करायचं, म्हणजे ते पुढे येतं."

"आमच्या साहेबांनीही हाच कोर्स केलेला दिसतोय."

"बोलू नकोस, ओठ हलतात. आता नाकाला उठाव देते."

उठाव हा शब्द चौकशीबाईला शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकापासून माहीत होता. तो नाकालाही देता येतो, हे तिला आज कळलं.

तासाभरानं तिनं आरशात पाहिलं. जबड्याचे कोपरे गेले होते, गालांची हाडं वर आली होती आणि डोळे तर दुसऱ्याच कुणाचे तरी होते. तिला आनंद झाला. लगेच रागही आला, कारण आरशातली बाई खरंच तिच्यापेक्षा बरी दिसत होती. ती बाहेर येऊन नवऱ्यासमोर उभी राहिली.

"आज काही वेगळं दिसतंय का?"

नवऱ्यानं पेपरातून डोकं वर काढून नीट पाहिलं. "पडदे धुतलेस का?"

नवऱ्याला फरक दिसला नाही, पण ऑफिसच्या हजेरीच्या मशीनला दिसला. कर्मचाऱ्यांच्या दाराशी लावलेल्या त्या मशीनसमोर चेहरा धरला की दार उघडायचं. चौकशीबाईनं चेहरा धरला.

"चेहरा जुळत नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा," मशीन म्हणालं.

तिनं पुन्हा धरला. मग हसून धरला. तिसऱ्या वेळी मशीननं "अनोळखी व्यक्ती" असं सांगून टाकलं आणि लाल दिवा लावला. वॉचमन धावत आला.

"अहो, तुम्ही तरी ओळखता ना मला?"

"आवाजावरून ओळखलं की मॅडम. पण मी ओळखून काय उपयोग? दार त्याच्या हातात आहे." मग तो हळूच म्हणाला, "तोंड धुऊन टाका ना."

"दहा वाजेपर्यंत नाही धुणार."

"मग या दारानं आत जायला बाहेरची माणसं घेतात तसा पास घ्या."

"पास कोण देतं?"

"चौकशीची खिडकी."

"आणि खिडकीत कोण बसतं?"

वॉचमननं विचार केला. "बाकावर बसा मॅडम," तो म्हणाला.

ती खिडकीसमोरच्या बाकावर बसली. चौदा वर्षांत ही खिडकी तिनं या बाजूनं कधी धड पाहिलीच नव्हती. साडेनऊपर्यंत रांग लागली.

"कुठे उलथली ही बाई?" एक म्हातारे गृहस्थ कुरकुरले.

"रोज तोंड पाडून बसते. आज तेवढंही नाही," मागची बाई म्हणाली.

चौकशीबाईनं ते सगळं ऐकलं. पण सवय काही सुटत नाही. "आजोबा, कशासाठी आलात? दाखला ना? दुसरा मजला, डावीकडचं टेबल. आधी दोन प्रती काढून घ्या, नाहीतर परत पाठवतील."

"किती गोड सांगता हो! नाहीतर ती!"

हेच वाक्य तिनं मागच्या आठवड्यात याच आजोबांना सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी नुसतं नाक मुरडलं होतं. तिनं पुढच्या माणसाला विचारलं, मग त्याच्या पुढच्याला. दहा वाजेपर्यंत निम्मी रांग बाकावरून मार्गी लागली होती.

ठीक दहाला साहेब खाली आले. रिकामी खिडकी पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आजच्या दिवशीही दांडी?"

"साहेब, त्या इथेच—" वॉचमन म्हणाला.

"मध्ये बोलू नका." तेवढ्यात साहेबांची नजर बाकाकडे गेली आणि आठ्या मावळल्या. "वा! तुम्ही कोण? जिना उतरताना तुमचं बोलणं ऐकलं. कामाचा अनुभव आहे?"

"चौदा वर्षं. साहेब, मीच ती—"

"अशीच व्यक्ती हवी होती! आमच्याकडे एक बाई आहे, पण तिचा चेहरा म्हणजे..." साहेबांनी आठवून पाहिलं. "आता आठवतही नाही बघा. तिला खाली पाठवतोय. तुम्ही अर्ज घेऊन पाच मिनिटांत वर या."

साहेब गेले. जागा मिळाली होती, पण ती तिला मिळाली नव्हती. चौकशीबाई उठली आणि बाहेरच्या नळावर गेली. तिनं चेहरा खसखसून धुतला. आधी गाल वाहून गेले, मग नाक. डोळ्यांत पाणी आलं ते साबणाचं, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग ती मशीनसमोर उभी राहिली.

"स्वागत आहे," मशीन पहिल्या झटक्यात म्हणालं. "उशिरा हजेरी. अर्ध्या दिवसाची रजा लावली आहे."

ती खिडकीत जाऊन बसते न बसते तोच साहेब जिन्यावरून उतरले.

"आलात? आत्ता बाकावर एक बाई होत्या. प्रसन्न चेहऱ्याच्या. कुठे गेल्या त्या?"

चौकशीबाईनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं. त्यांनीही पाहिलं, पण खिडकीत माणूस आहे की नाही, एवढंच.

"गेल्या, साहेब."

"शोधा त्यांना. उद्यापासून त्या इथे बसतील. त्यांना सगळं काम शिकवा आणि मग तुम्ही खाली जा. चौकशी करा, तेच काम आहे ना तुमचं?"

"आहे. पण मला अर्धी रजा लागलीय," ती म्हणाली. "लागलीच आहे तर घेते."

तिनं पर्स उचलली, खिडकीची फळी खाली ओढली आणि 'चौकशी बंद' ही पाटी बाहेर अडकवली. रांगेत खळबळ उडाली.

"अहो, मग आम्ही विचारायचं कुणाला?" प्रती काढून परत आलेले आजोबा ओरडले.

"साहेबांना विचारा," जाता जाता ती म्हणाली. "ते स्वतः बघून ठरवतात."

सगळी रांग साहेबांकडे वळली. चौकशीबाई फाटकापाशी पोचली तोच नणंदेचा फोन आला.

"वहिनी, काय झालं गं? नाकाचा उठाव टिकला का?"

"नाकाचा गेला धुऊन," ती म्हणाली. "दुसरा आत्ताच करून आले."